कलम चुकलं, दावा गेला

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं मिलबोर्न पोर्ट हे गाव. 28 ऑक्टोबर 1770, जत्रेचा दिवस, संध्याकाळची वेळ. गावच्या बाजाराची इमारत कमानींवर उभी, एका टोकाला बंद आणि बाकी सगळीकडून उघडी. आत माणसांची खेटाखेट. शेफर्ड नावाच्या एकाने रस्त्यावरून दारूचा पेटता फटाका आत भिरकावला. तो पडला येट्सच्या जिंजरब्रेडच्या दुकानावर. विलिस नावाच्या माणसाने स्वतःला आणि येट्सच्या मालाला वाचवण्यासाठी तो उचलून पलीकडे फेकला. तिथे रायलचं दुकान होतं, तोही तसलाच माल विकत बसला होता. रायलने तो आणखी पुढे टोलवला. फटाका स्कॉटच्या तोंडावर जाऊन फुटला आणि त्याचा एक डोळा गेला.

ज्युरीने स्कॉटला 100 पौंडांची भरपाई ठरवली, पण कायद्याचा एक मुद्दा वरच्या न्यायाधीशांच्या मतावर सोपवला. 1773 मध्ये तो निकाली निघाला. वाचणाऱ्याला वाटेल की शेफर्डचा दोष किती आणि मधल्या दोघांचा किती, यावर तिथे वाद रंगला असेल. तसं झालं नाही. वाद होता तो स्कॉटने योग्य प्रकारचा दावा लावला आहे की नाही, याचा. त्याने लावला होता ‘ट्रेसपास’चा दावा, म्हणजे प्रतिवादीने थेट आपल्या अंगावर घाव घातला, असं सांगणारा. न्यायमूर्ती ब्लॅकस्टन म्हणाले, घाव थेट नाही. मध्ये दोघांचे हात लागले. म्हणून ‘केस’चा दावा लावायला हवा होता, म्हणजे कृत्याचा परिणाम म्हणून नुकसान झालं असं सांगणारा. त्यांच्या मते स्कॉटने हरायला हवं होतं. डोळा गेला हे खरं, फटाका शेफर्डने फेकला हेही खरं, पण दाव्याचं नाव चुकलं.

बाकीच्या तीन न्यायाधीशांनी स्कॉटला वाचवलं. त्यातली मुख्य न्यायाधीश डी ग्रे यांची भूमिका मला सर्वात बोलकी वाटते. ब्लॅकस्टननी सांगितलेलं तत्त्व आपल्याला मान्य आहे, असं त्यांनी म्हटलं आणि निकाल उलटा दिला. कारण असं की विलिस आणि रायल यांनी जे केलं ते जीव वाचवण्याच्या धांदलीत, स्वतंत्र बुद्धीने नव्हे. म्हणून फटाका शेफर्डच्या हातून सुटला तो थेट स्कॉटच्या तोंडापर्यंत, मधले हात मोजायचे नाहीत. चौकट तशीच ठेवायची आणि माणूस तिच्यात बसवायचा, ही कसरत इंग्लंडच्या न्यायाधीशांनी तोपर्यंत चारपाचशे वर्षं केली होती. कॉमन लॉचा बराचसा कायदा तिच्यातूनच निघाला आहे.

आपल्याला शिकवलं जातं ते असं: आधी हक्क असतो, तो मोडला की दाद मागता येते. इंग्लंडच्या राजाच्या कोर्टात हे नेमकं उलट होतं. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या काळापासून चान्सरीतून, म्हणजे राजाच्या दप्तरातून, ‘रिट’ विकत घ्यावं लागे. रिट म्हणजे शेरीफला राजाच्या नावाने दिलेला लेखी हुकूम: अमक्याला हजर कर, तमक्याला उत्तर द्यायला लाव. प्रत्येक तक्रारीला ठरलेला मजकूर. कर्जाचं रिट वेगळं, अडकवून ठेवलेल्या वस्तूचं वेगळं, मोहोरबंद कराराचं वेगळं. आणि फरक नुसत्या मजकुराचा नव्हता. प्रतिवादीला कसं आणायचं, तो आला नाही तर काय करायचं, खरंखोटं ज्युरीने ठरवायचं की शपथेने की चक्क द्वंद्वाने, हे सगळं रिटबरोबर ठरून येई. रिट नाही तर दाद नाही, आणि दाद नाही तर राजाच्या कोर्टापुरता तुमचा हक्कही नाही. नवी रिटं काढून चान्सलर मनमानी कायदा करू लागला आहे, अशी सरदारांची ओरड झाली आणि 1258 मध्ये त्याच्या हातांवर बंधन आलं. 1285 च्या कायद्याने ते थोडं सैल केलं: जुन्या रिटाशी मिळतीजुळती तक्रार असेल तर तसं रिट द्यावं.

मग अडलेल्या माणसांनी काय केलं? ते खोटं बोलले, आणि कोर्टाने त्यांना बोलू दिलं. 1317 चं एक प्रकरण आहे. एकाने दारूचं पिंप विकत घेतलं आणि विकणाऱ्याकडेच ठेवलं. पुढे तक्रार आली ती अशी: प्रतिवादींनी तलवारी आणि धनुष्यबाण घेऊन, बळजबरीने, राजाची शांतता भंग करून पिंपातली दारू उपसली आणि खारं पाणी ओतलं, त्यामुळे सगळी दारू नासली. दारूत पाणी घालायला धनुष्यबाण कशाला लागतात, हा प्रश्न आपल्याला पडतो, तसा तेव्हाच्या वकिलांनाही पडला असणार. पण राजाच्या कोर्टात शिरायचं तर राजाची शांतता भंगली पाहिजे, आणि ती भंगायला शस्त्रं पाहिजेत. हलगर्जीपणा, फसवणूक, वाईट काम यांसाठी तिथे दारच नव्हतं. म्हणून ही माणसं तलवारीच्या दारातून आत गेली.

पुढे 1348 मध्ये हंबर नदीवरच्या एका नावाड्याचं प्रकरण आलं. त्याने घोडी पैलतीरी न्यायची घेतली, नावेत जादा जनावरं कोंबली आणि घोडी बुडाली. नावाड्याच्या बाजूचं म्हणणं, हा कराराचा मामला, कराराचं रिट आणा. ते आणायला मोहोरबंद कागद लागे, आणि नावेत बसताना मोहोरबंद कागद कोण करतो? कोर्टाने सांगितलं, नाव जादा भरलीस तेव्हाच तू अपराध केलास, दावा चालेल. ‘काम अंगावर घेतलं आणि वाईट केलं’ ही कल्पना अशा प्रकरणांतून हळूहळू रुजली, आणि तिच्यातून ‘असम्प्सिट’ नावाचा दावा वाढला. 1602 मध्ये स्लेडच्या खटल्याने त्याचा कळस गाठला. स्लेडने उभं पीक, गहू आणि राय, 16 पौंडांना विकलं आणि पैसे बुडाले. साधा कर्जाचा दावा लावता आला असता, पण त्यात प्रतिवादी अकरा साथीदार घेऊन येई, ‘देणं लागत नाही’ अशी शपथ घेई, ते अकरा जण ‘हा खरं बोलतो’ अशी शपथ घेत आणि मामला संपे. असम्प्सिटमध्ये ज्युरी मिळे. स्लेडच्या बाजूने वकील कोक, विरुद्ध बेकन, आणि कित्येक वर्षं दोन कोर्टांत चाललेली रस्सीखेच. निकाल स्लेडच्या बाजूने लागला. इंग्रजी करार कायद्याचा कणा तिथे तयार झाला, आणि त्याचं कारण कुणा तत्त्वज्ञाला कराराचं मर्म सापडलं हे नव्हे. शपथेचे अकरा साथीदार धान्य विकणाऱ्याला नकोसे झाले होते.

हे सगळं सांगताना इंग्रज ग्रंथकार थोडे लाजतात आणि थोडा अभिमानही बाळगतात. मला यात अभिमानाचा भाग दिसतो तो न्यायाधीशांचा नव्हे, दावे लावणाऱ्यांचा. नासलेल्या दारूचा मालक, बुडालेल्या घोडीचा धनी, धान्याचे पैसे न मिळालेला शेतकरी, यांनी आपलं गाऱ्हाणं चुकीच्या दारातून आत रेटलं म्हणून दार रुंद झालं. 1932 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका बाईला जिंजर बिअरच्या बाटलीत गोगलगाय सापडल्याच्या तक्रारीवर हाउस ऑफ लॉर्ड्सने उत्पादकाची जबाबदारी मान्य केली, त्या निकालाच्या इंग्रज पूर्वजांत हेच ‘केस’चे जुने दावे आहेत. पण याची दुसरी बाजू कोणी फारशी सांगत नाही. एक जण आत शिरला, तर कितीजण दारावरूनच परत गेले असतील! त्यांची नावं निकालपत्रांच्या खंडांत सापडत नाहीत.

सगळ्यांत मजेशीर होता जमिनीच्या ताब्याचा दावा. जमिनीवर हक्क सांगायची जुनी रिटं इतकी किचकट झाली होती की वकिलांनी भाडेपट्टेदाराचा सोपा दावा वापरायला घेतला. पण भाडेपट्टेदार आणायचा कुठून? म्हणून जॉन डो नावाचा माणूस कल्पिला. त्याने खऱ्या दावेदाराकडून जमीन पट्ट्याने घेतली, रिचर्ड रो नावाच्या दुसऱ्या काल्पनिक इसमाने त्याला हुसकावलं, आणि रो याने जमिनीवर बसलेल्या खऱ्या माणसाला पत्र लिहिलं की बाबा, माझा यात काही हक्क नाही, तूच येऊन बाजू मांड. खऱ्या माणसाला बाजू मांडायची परवानगी एका अटीवर मिळे: डो, त्याचा पट्टा आणि त्याची हकालपट्टी खरी मानायची. म्हणजे खोटं मान्य करा, मग खरं बोलायला देतो. मुंबई आणि कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टांतल्या जमिनीच्या खटल्यांवरही या डोचं नाव लागलेलं आहे. गंगेकाठी किंवा गिरगावात पट्टा घेतलेला हा इंग्रज कधी जन्मालाच आला नव्हता.

एकोणिसाव्या शतकात ही गंमत कोणाला परवडेना. रस्त्यांवर गाड्यांची टक्कर होऊ लागली. लगाम मालकाच्या हातात असेल तर ट्रेसपास, नोकराच्या हातात असेल तर मालकावर केस. पण धडक बसून रस्त्यात पडलेल्या माणसाला समोरच्या गाडीत लगाम कोणाच्या हातात होता हे कसं कळावं? ते कळायचं साक्षीपुराव्यात, आणि तोवर दावा एका नावाने लागून चुकलेला असे. 1833 मध्ये कोर्टाने मार्ग काढला: धडक थेट असली तरी ती मुद्दाम मारलेली नसून निष्काळजीपणाची असेल, तर केसचा दावा लावता येईल. त्याच वर्षी जमिनीची बहुतेक जुनी रिटं आणि शपथेची ती अकरा-साथीदारी गेली. 1852 मध्ये डो आणि रो गेले, आणि 1873 ते 1875 च्या कायद्यांनी कोर्टांची फेररचना करून दाव्यांचे साचे संपवले. आता घडलेल्या गोष्टी सांगा, नाव कोर्ट बघेल.

केंब्रिजचे इतिहासकार मेटलंड यांचं या साच्यांवरचं म्हणणं कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतं: पुरले तरी ते थडग्यातून आपल्यावर राज्य करतात. वाक्य म्हणून झकास. पण मला ते फार सोयीचं वाटतं, कारण दोष मेलेल्यांच्या माथी जातो. साचे कोणी थडग्यातून पाठवत नाही. आपण ते दर पिढीत नव्याने घडवतो, आणि चुकल्याची किंमत कोणी भरायची हेही आपणच ठरवतो.

महाराष्ट्राला खरं तर डो आणि रो यांच्या जाचातून जन्मतःच सुटका मिळाली होती. मुंबई बेटावर राजाचं कोर्ट आणि इंग्लंडचा कायदा, पण पेशवाई संपल्यावर बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती. त्यांच्यासाठी गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात 1827 ची रेग्युलेशनं झाली. त्यातल्या चौथ्या रेग्युलेशनचं सव्विसावं कलम सांगतं: आधी कायदे आणि रेग्युलेशनं, ती नसतील तर मुलखाची वहिवाट, ती नसेल तर प्रतिवादीचा कायदा, तोही नसेल तर न्याय, समता आणि सद्सद्विवेक. इथे रिटांची यादी नाही. 1859 ची दिवाणी कार्यपद्धतीची संहिता आली तीही याच वळणाची, आणि आजची 1908 ची संहिता तर नवव्या कलमातच सांगते की मनाई नसेल तर दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा कोर्टाने चालवावा. वाद्याने दाव्याचं कारण सांगावं. बस्स.

आणि तरीही तालुक्याच्या गावी जाऊन बघा. शेतकऱ्याचा शेतरस्ता अडला आहे. बांधावरून पिढ्यानपिढ्या बैलगाडी जायची, आता ट्रॅक्टर जातो, शेजाऱ्याने चारी खणली आणि वर काटेरी कुंपण घातलं. सोयाबीन काढणीला आलं आहे आणि मळणीयंत्र शेतापर्यंत पोचत नाही. तो तहसील कचेरीत जातो. कचेरीबाहेरच्या टपरीवर अर्ज लिहून मिळतो, आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘विषय’ म्हणून कलम घालावं लागतं. रस्ता आधीपासून वहिवाटीत होता आणि आता अडवला, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम 5, अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ता नव्हताच आणि शेतात जायला नव्याने हवा, तर 1966 च्या महसूल संहितेचं कलम 143, दुसऱ्याच्या हद्दीवरून. दोन्ही अर्ज त्याच तहसीलदारापुढे, त्याच टेबलावर. मंडळ अधिकारी तोच, स्थळ पाहणी तीच, पंचनाम्यावर सह्या करणारी चार माणसंही बहुधा तीच.

पण टपरीवाल्याने कलम 143 टाकलं, आणि सामनेवाल्याच्या वकिलाने सांगितलं की अर्जदार तर म्हणतो रस्ता जुना आहे, मग 143 कसं लागेल? किंवा उलट, कलम 5 टाकलं आणि नकाशावर रस्ता दिसत नाही. अर्ज नामंजूर, ‘योग्य त्या तरतुदीखाली दाद मागावी’. तोवर एक हंगाम गेला आणि सहा महिन्यांची मुदतही गेली. मिलबोर्न पोर्टच्या स्कॉटला निदान डी ग्रे भेटले होते.

दिवाणी कोर्टात हेच जास्त सफाईने चालतं. जमिनीला शेजारी त्रास देतो, म्हणून कायम मनाईचा साधा दावा लावायचा की मालकी जाहीर करून मागायची की ताबाही मागायचा? 2008 मध्ये अनाथुला सुधाकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याची जणू नवी रिटांची वहीच घालून दिली: ताबा आणि मालकी निर्विवाद तर नुसती मनाई, ताबा आहे पण मालकीवर ढग, तर मालकीची घोषणा आणि मनाई, ताबाच गेला, तर ताब्याची मागणी. तर्क चोख आहे, माझी त्याच्याशी तक्रार नाही. पण साध्या मनाईच्या दाव्याला कोर्ट फी सहसा कमी, म्हणून पक्षकार तोच पसंत करतो, आणि वर्षं उलटल्यावर अपिलात कळतं की दावा मुळात त्या रूपात टिकणारा नव्हता. बाराव्या शतकात रिट विकत घ्यावं लागे. आता स्टॅम्प लागतो, आणि त्याची किंमतही दाव्याच्या नावावर ठरते.

मग साचे नकोतच का? इथे मी सुधारकांपासून फारकत घेतो. 1166 च्या सुमारास दुसऱ्या हेन्रीने ताब्याचं एक रिट काढलं, ‘नॉव्हेल डिसीझिन’. त्यात बारा शेजारी आधी जमीन डोळ्यांनी बघून येत आणि त्यांना एकच गोष्ट विचारली जाई: याला निकालाशिवाय, अन्यायाने हुसकावलं का? मालकी कोणाची, वंशावळ काय, खरेदीखत कुठे आहे, काही नाही. प्रतिवादी हजर झाला नाही तरी काम पुढे चाले. ज्याच्या हातात काठी त्याची जमीन, हा न्याय मोडायला एवढा अरुंद प्रश्नच लागतो. कारण मालकीचा प्रश्न उघडला की दांडगा माणूस वीस वर्षं तारखा घेत बसतो, आणि तोवर पीक तोच काढतो.

आपल्याकडे हेच शस्त्र दोनदा घडलं. विनिर्दिष्ट साहाय्य कायद्याचं कलम 6 सांगतं: कायदेशीर मार्गाशिवाय हुसकावलं असेल तर सहा महिन्यांत दावा लावा, मालकी कोणाचीही असो ताबा परत, त्यावर अपील नाही, पुनर्विलोकन नाही. आणि मामलेदार न्यायालय कायद्याने तेच काम तालुक्यात आणलं, तिथेही अपील नाही, फक्त जिल्हाधिकाऱ्यांकडे फेरतपासणी. ज्याला मालकी सांगायची आहे त्याने नंतर दिवाणी कोर्टात जावं. हा साचा प्रश्न अरुंद करतो म्हणून कामाचा आहे. टपरीवरच्या अर्जातला कलमाचा आकडा एकही प्रश्न अरुंद करत नाही, तो फक्त जकात वसूल करतो. दोन्हींना आपण ‘प्रक्रिया’ म्हणतो आणि एकाच्या आडून दुसऱ्याचा बचाव करतो, ही खरी लबाडी आहे.

साचा ताणून तोडायची हिंमतही आपल्या न्यायाधीशांनी दाखवली आहे, तीही सर्वोच्च न्यायालयात. 1954 मध्येच त्या न्यायालयाने टी. सी. बसप्पा खटल्यात सांगितलं होतं की संविधानाने रिटांची नावं इंग्लंडकडून घेतली असली तरी तिथल्या तांत्रिक बेड्या आम्हाला बांधत नाहीत. पण त्याचा अर्थ रक्तामांसाने कळला तो 1983 मध्ये, रुदुल शाह खटल्यात. हा माणूस 1968 मध्ये निर्दोष सुटला होता आणि 1982 पर्यंत बिहारच्या तुरुंगात होता. चौदा वर्षं. हेबियस कॉर्पसचा अर्ज आला तोवर सरकारने त्याला सोडून दिलं. जुन्या साच्याप्रमाणे विषय संपला, कारण हे रिट माणूस सोडवायचं, पैसे द्यायचं नाही. भरपाई हवी तर दिवाणी दावा लावा. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी तिथेच, त्याच अर्जावर, आधी दिलेल्या 5,000 रुपयांशिवाय 30,000 रुपये देण्याचा हुकूम केला. दिवाणी दाव्याचा मार्गही बंद केला नाही. रक्कम चौदा वर्षांच्या मानाने क्षुल्लकच, पण भारतात घटनात्मक भरपाईचा कायदा या अर्जातून सुरू झाला. पुण्यात शिकलेल्या या न्यायाधीशाने 1348 च्या नावाड्याचा खटला डोळ्यांपुढे ठेवला होता असं मला म्हणायचं नाही. त्यांना ते करायची गरजही नव्हती.

उलट बाजूनेही बोललं पाहिजे. वकील मंडळी म्हणतील, कलम सांगितलं नाही तर सामनेवाल्याला उत्तर कशाचं द्यायचं ते कसं कळणार? हा आक्षेप पोकळ नाही. साचा प्रतिवादीचंही रक्षण करतो. रोज नवी तक्रार घेऊन येणाऱ्यापासून त्याला वाचवतो. म्हणूनच हायकोर्टात संविधानाच्या अनुच्छेद 226 खालचं रिट की 227 खालची देखरेख यावर घसा कोरडा पडेपर्यंत वाद होतात, आणि 2015 मध्ये राधेश्याम खटल्यात दिवाणी कोर्टाच्या न्यायिक आदेशाविरुद्ध 226 खाली रिट चालणार नाही, 227 खालीच यावं, असं सर्वोच्च न्यायालयाला ठरवावं लागलं. पण तिथे दोन्ही बाजूंना वकील असतात, आणि अर्जाचं नाव बदलून द्यायला एक दुरुस्ती पुरते. तालुक्यात अर्जदाराकडे कलमाचं ज्ञान नसतं आणि सामनेवाल्याकडे ते गैरवापरायला वेळ असतो. अधिकार असेल तर चुकीचं कलम लिहिल्याने आदेश बिघडत नाही, हे आपल्या वरिष्ठ न्यायालयांनी पुन्हापुन्हा सांगितलेलं तत्त्व आहे. ते सरकारी आदेश वाचवायला जितक्या उदारपणे वापरलं जातं, तितकं अर्जदाराला वाचवायला वापरलं जात नाही. मुदतीच्या कायद्याचं कलम 14 चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे घालवलेला काळ माफ करतं. म्हणजे चुकीचं दार ठोठावणं हा गुन्हा नव्हे, हे कायदेमंडळाला 1963 मध्ये कळलेलं होतं.

सामनेवाल्याला उत्तर द्यायला कलमाचा आकडा लागत नाही. रस्ता कोणत्या गटातून जातो, कोणी अडवला, कोणत्या महिन्यात, आणि आधी त्यावरून कोण जात होतं, एवढं त्याला कळलं पाहिजे. हे चार रकाने छापील अर्जात असू द्यावेत, आणि कलमाचा रकाना अर्जदारासाठी ठेवूच नये. पहिल्या तारखेला दोन्ही बाजू ऐकून तहसीलदाराने स्वतः तो भरावा, आपल्या सहीने. पुढे ते कलम चुकलं असं ठरलं, तर अर्ज त्याच तारखेपासून दुसऱ्या कलमाखाली चालवावा, आणि सहा महिने मोजायचे ते अर्ज आवक झाला त्या शिक्क्यापर्यंत.